हाताने निघेल ते आपलं!

"घर विकणं म्हणजे काही शिवधनुष्य उचलणं नव्हे!" दादा बिवलकरांनी ओटीवरच्या झोपाळ्यावरून जाहीर केलं. "लोकांची भांडणं होतात, कारण लोकांना तत्त्व नसतं. आपलं तत्त्व एका ओळीचं. हाताने निघेल ते आपलं, हत्यार लागेल ते त्यांचं. संपला विषय!"

विषय तिथेच संपला असता, मंडळी, तर आपणही आरती करून, प्रसाद वाटून घरी गेलो असतो. पण दादांचा विषय आणि बुवांचं आख्यान, दोन्ही रंगात यायला जरा वेळ लागतो.

आक्षीतलं हे घर दादांनी नोकरीत असताना स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे अंगण. घराला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त पायऱ्या फार! ओटीला पायऱ्या, स्वयंपाकघरात उतरायला पायरी, न्हाणीघरात चढायला पायरी. कुमुदताईंचे गुडघे हल्ली प्रत्येक पायरीला वेगळ्या सुरात कण्हत. "पायऱ्या बंद!" डॉक्टरांनी सांगितलं. मग अलिबागेत एक फ्लॅट पाहिला. लिफ्ट होती, डॉक्टर समोरच, आणि कोपऱ्यावर राममंदिर, जिथे बारा महिने कीर्तनं! कुमुदताई त्या लिफ्टमधून उगाचच दोनदा खाली-वर करून आल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "अहो, काही दुखलं नाही हो!" दादांनी त्या क्षणी ठरवलं, हाच फ्लॅट. अडचण एवढीच, की इकडचं खरेदीखत झालं तरच तिकडचं होणार होतं. सोमवारी इकडचं नक्की ठरलं होतं. ते चुकलं, तर फ्लॅट घ्यायला दुसरं गिऱ्हाईक दारात उभंच होतं.

घर घेणारं जोडपं मुंबईचं, सलिल आणि अनुया. शुक्रवारी बोटीने मांडव्याला उतरून रिक्षा करून आले. दादांनी त्यांना घरभर फिरवून तत्त्वाचा प्रयोग करून दाखवला.

"पंखे?" सलिलने विचारलं.

"पान्हा लागतो. तुमचे!"

"गीझर?"

"तुमचा!"

"दादा, हे बल्ब?"

"हाताने निघतात. आमचे!"

"आणि माझा पाटा हो?" कुमुदताई मधेच म्हणाल्या. पाटा ओट्याच्या टोकाला सिमेंटात बसवलेला.

"छिन्नी लागेल. त्यांचा."

"अहो, लग्नानंतर माझ्या आईने दिलाय तो मला! जन्मभर वाटण वाटलंय मी त्याच्यावर!"

"तत्त्वाला माहेर नसतं, कुमुद!"

कुमुदताई आमटीकडे वळल्या. त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं, एवढंच.

पाहुणे गेल्यावर दादांनी बांधाबांध सुरू केली. हाताने निघेल ते काढायचं म्हणजे काढायचंच! बल्ब निघाले. साबणाच्या डब्या निघाल्या. खुंट्या निघाल्या. टाकीखालच्या व्हॉल्व्हचं लाल चाक जरा कुरकुरलं, पण हातानेच निघालं. सगळं खोक्यांत गेलं. घर दिसू लागलं दागिने उतरवलेल्या, अंघोळीला बसवलेल्या बाळकृष्णासारखं.

संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. दादा नेहमी पहिल्या रांगेत. इतके पुढे, की बुवांनी गिरकी घेतली की उपरण्याचं टोक दादांच्या चष्म्याला लागे आणि दादांना तो आशीर्वाद वाटे. त्या दिवशी उत्तररंगात बुवांनी एका गवळ्याची कथा लावली. गवळी गाव सोडून निघाला. हंडे घेतले, गायी घेतल्या, चुलीतली राखसुद्धा घेतली, पण देव घ्यायला विसरला! गाडी शिवेवर आली, बैल खाली बसले. मारलं, चुचकारलं, ढिम्म! आणि मागून हाक आली, "अरे, मला कुणावर टाकून चाललास?"

छन्न! झांज वाजली. दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि त्या पाण्यातूनच त्यांना एकदम दिसलं...

वास्तुपुरुष!

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी मंत्र म्हणून स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली, तांब्याच्या डबीत तो पालथा निजवला होता. घराचा रखवालदार! घरात जे जे बोलाल त्याला 'तथास्तु' म्हणणारा! प्रत्येक सणाला पहिलं पान त्या फरशीवर वाढल्याशिवाय बिवलकरांकडे कोणी घास उचलला नव्हता. आणि तत्त्वानुसार तो कोणाचा? फरशी, सिमेंट, पहार... त्यांचा!

"नाही!" दादा एवढ्या मोठ्याने म्हणाले, की बुवांना वाटलं कथेला हरकत घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताई गुडघे दाखवायला अलिबागेला गेल्या. दादांनी ताबडतोब धर्माला हाक मारली. धर्मा म्हणजे वाडीतला पंप, घरातले नळ, सगळं पाहणारा.

"धर्मा, देव बाहेर काढायचाय."

"कुठनं, दादा?"

"फरशीखालून."

धर्माने दादांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्याने मुकाट पहार उचलली.

"पण इथे पाइप नाही ना रे?"

"छ्या! पाइप त्या अंगाला हाय. म्याच घातलाय न्हाय का! डोलं झाकून सांगतो!"

मंडळी, आता कळतंय, की त्याने पाइप घातलाही डोळे झाकूनच होता.

फरशी निघाली. माती निघाली. तिसऱ्या घावाला 'टण्' वाजलं. दादांनी हात जोडले, "आला, आला!" आणि जो आला तो फवारा! सरळ पंख्यापर्यंत! स्वयंपाकघरात गंगा उतरली. फक्त ती झेलायला शंकर नव्हता. धर्मा होता, आणि त्याच्या जटा नव्हत्या, टक्कल होतं.

"दादा, व्हाल बंद करा, व्हाल!"

दादा मागच्या दारी धावले. व्हॉल्व्हच्या जागी नुसतं दांडकं.

"धर्मा, चाक नाही रे!"

"कुठं ग्येलं?"

"मीच काढलंय! हाताने निघत होतं म्हणून!"

"आता कुठं हाय त्ये?"

"खोक्यात!"

"कंच्या?"

या प्रश्नाला उत्तर असतं तर दादा दादा नसते. पहिल्या खोक्यात बल्ब. दुसऱ्यात साबणाच्या डब्या. तिसऱ्यात आणखी बल्ब, कारण दादांनी अंगणातलेही सोडले नव्हते. आणि पाणी पायरी ओलांडून माजघरात शिरू बघणारं, पाहुण्यासारखं, चप्पल न काढता!

नेमकी अशा वेळी दारात रिक्षा थांबली. कुमुदताई उतरल्या, आणि मागोमाग सलिल-अनुया. पडद्यांची मापं घ्यायला दोघं आले होते. बसस्टँडवर कुमुदताई भेटल्या, म्हणून एकाच रिक्षेतून!

तिघं स्वयंपाकघराच्या दारात येतात तो काय? जमिनीत खड्डा. चाक काही सापडलं नाही म्हणून खड्ड्यात बसून हातानेच पाइप दाबू पाहणारे दादा, कपाळभर चिखल. बाजूला पहार घेतलेला धर्मा. आणि पाण्याने माती धुतल्यामुळे खड्ड्यात काहीतरी तांब्याचं चमकतंय.

"सापडलं!" दादा ओरडले. "पंचरत्नं आहेत आत! सोन्याचा मणीसुद्धा! मी स्वतः टाकलाय!"

सलिलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "दादा... हे आपल्या बोलण्यात नव्हतं."

"नव्हतं म्हणूनच तर तुम्ही यायच्या आत काढतोय!"

झालं! सलिलने अंगणात जाऊन वकिलाला फोन लावला. त्याचं एकेक वाक्य आत ऐकू येत होतं. "हो, जमिनीत पुरलेलं... सोनं आहे म्हणतायत... अजून काय काय पुरलंय देव जाणे... सोमवारचं थांबवू?"

'थांबवू' ऐकलं आणि कुमुदताई मटकन पायरीवर बसल्या. ओल्या पायरीवर. दादांना खड्ड्यातून फक्त त्यांचे गुडघे दिसत होते. दोन्ही हातांनी घट्ट धरलेले.

एवढ्यात फवारा आपोआप मंदावला, गळपटला आणि बंद झाला. टाकी रिकामी झाली होती. घरात एकदम शांतता.

"अहो," कुमुदताई हळू आवाजात म्हणाल्या, "काय काढताय तुम्ही?"

दादांनी डबी उघडून दाखवली. बोटाएवढा वास्तुपुरुष. इतक्या वर्षांनीही तसाच, घर पाठीवर घेऊन निजल्यासारखा. दादांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. "याला मागे ठेवून कसा जाऊ गं? बुवा म्हणाले, गाडी शिवेवर अडते."

"अस्सं! माझ्या पाट्याला छिन्नी चालत नाही, आणि तुमच्या देवाला पहार चालते!"

धर्मा खाली बघून हसला. दादांना वाटलं, खड्डा आणखी खोल असता तर बरं झालं असतं.

सलिल आत आला, डबीत डोकावला आणि त्याचं टेन्शन खाडकन उतरलं. "एवढंच होय! अहो दादा, न्या की खुशाल! मी वकिलांना सांगतो, सगळं ठीक आहे."

"काही ठीक नाहीये," अनुया म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"सलिल, आपण इतकी घरं पाहिली. मला हेच का आवडलं, माहितीये? पहिल्यांदा आलो तेव्हा सण होता. काकूंनी आपल्याला वाढायच्या आधी या कोपऱ्यात पान ठेवलं. मला वाटलं, या घरात कोणीतरी आहे. दिसत नाही, पण आहे. आम्ही दोघं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणार. बोलायला, ऐकायला घरात कोणी मोठं नको?" तिचे डोळे भरून आले. "तो जाणार असेल तर नुसत्या भिंती घेऊन मी काय करू? मग मला हे घर नको."

आता आली का पंचाईत! देव न्यावा तर घर राहतं गळ्यात, फ्लॅट जातो, लिफ्ट जाते. देव ठेवावा तर शिवेवर बैल बसतात.

"तत्त्वाप्रमाणे मात्र," सलिल दबक्या आवाजात म्हणाला, "आता तो दादांचाच. हाताने उचलता येतोय."

खरंच की! दादांनी डबीकडे पाहिलं. तळहातावर मावत होती. मग त्यांनी पायरीकडे पाहिलं. कुमुदताई उठायचा प्रयत्न करत होत्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, ओठ मिटलेले. दादांना तो आवाज न काढता कण्हण्याचा प्रकार चांगला ठाऊक होता.

"तत्त्व गेलं खड्ड्यात!" दादा गरजले. "आणि त्याच्याबरोबर देवही!"

काय बोललो हे कळल्यावर त्यांनी स्वतःच्याच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "राम राम राम! म्हणजे, ज्याच्या त्याच्या जागी! अरे, गवळ्याची गाडी का अडली? तो देवाला विसरला म्हणून! मी कुठे विसरतोय? मी सोपवतोय! घरात लेकीसारखी मुलगी आली, तिच्या हाती देव देतोय. कुठला बैल बसतो ते बघू!"

बुवांनाही सुचला नसता असा निरूपणाचा मुद्दा! स्वतःच्याच बोलण्यावर दादांना गहिवर आला.

मग काय, तिथेच सोहळा झाला. धर्माने पाइप जोडला, या वेळी डोळे उघडे ठेवून. अनुयाने डबी स्वच्छ धुतली, ओल्याच पदराने पुसली... म्हणजे ओढणीने. सलिलने पँट दुमडून, घाबरत घाबरत, वास्तुपुरुष पालथा निजवला आणि विचारलं, "सॉरी म्हणायचं का त्यांना? झोपमोड झाली म्हणून."

"म्हण की," दादा म्हणाले. "मीही म्हणतो." सोमवारनंतर गुरुजींना आणून रीतसर सगळं करायचं ठरलं. तोवर दादांनी चिखलातच कमरेवर हात ठेवून नामघोष धरला, धर्माने पातेल्यांची दोन झाकणं झांजेसारखी वाजवली, आणि स्वयंपाकघराचं देऊळ झालं.

"आणि काका, दरवर्षी इथे ओटीवर कीर्तन करायचं," अनुया म्हणाली. "पहिल्या रांगेत तुमची जागा. काकूंना खुर्ची."

"आणि धर्मादादा," सलिल म्हणाला, "छिन्नी आहे ना? काकूंचा पाटा काढा. आम्हाला मिक्सर आहे."

कुमुदताई ओट्याकडे वळल्या. नुसत्या जाऊन पाट्यावरून हात फिरवून आल्या. वकिलांना पुन्हा फोन गेला. सोमवार पक्का! कोपऱ्यातून कोणी 'तथास्तु' म्हणालं असेल, तर ते झाकणांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर दादा-कुमुदताई ओटीवर चहा घेत बसले होते. दादा एकदम हलके झाले होते. "आज खरा त्याग घडला हो आपल्या हातून!"

"घडला खरा," कुमुदताई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "पण काय हो, एक विचारू? नेऊन पुरणार कुठे होतात त्याला?"

"कुठे म्हणजे? नव्या घरात. आग्नेय कोपऱ्यात. फरशीखाली!"

"चौथ्या मजल्यावर?"

दादांचा कप तोंडाशीच थांबला.

"आपल्या फरशीखाली," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या मोडकांची ट्यूबलाइट आहे."

दादांनी कप बशीत ठेवला. मग खाकरून म्हणाले,

"त्या गवळ्याचं बरं होतं गं. तळमजल्यावरून तळमजल्यावर गेला असणार."