दोरीवरचे कपडे आणि मंत्र्यांचा हुकूम

स्कॉटलंडच्या सरकारात बेटांचा मंत्री होऊन तोर्मोद मॅक्स्वीनला उणेपुरे अकरा दिवस झाले होते, आणि बेटांचं नशीब आपणच पालटणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती! सुरुवात घरापासूनच करायची होती. त्याच्या ल्यूइस बेटावर रविवार म्हणजे देवाचा दिवस, त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही, धुणंसुद्धा वाळत घालत नाही. पण त्याच्या आईच्या शेजारी नव्याने राहायला आलेली नर्स रेचल नेमकी रविवारीच दोरी भरायची, कारण तिला सुट्टी तेवढीच. आईच्या डोक्याला ताप झाला होता. गुरुवारी तोर्मोदने एडिंबराच्या कचेरीत बसून झोकात हुकूम लिहिला, बेटावर रविवारी कपडे वाळत घालायला बंदी! सही ठोकली आणि पहिली प्रत अभिमानाने आईला धाडली.

सोमवारी खात्याची वकील आयला ड्रमंड आली. तिने कागद दोनदा वाचला.

"साहेब, हे तुमच्या अधिकारात बसत नाही."

"मग संसदेत मतं गोळा करू. बहुमत आपलंच आहे."

"कितीही करा. आपल्या घरी कसं राहायचं, रविवार पाळायचा की नाही, हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. स्कॉटलंडच्या मंत्र्याला त्याविरुद्ध जाताच येत नाही, आपल्या संसदेलाही नाही. कोर्ट म्हणेल, असा हुकूम कधी निघालाच नव्हता."

तोर्मोदने घाईघाईने आईला फोन लावला, पण व्हायचं ते आदल्याच दिवशी होऊन गेलं होतं. आईने हुकमाची स्वतःच अंमलबजावणी केली होती! शेजारच्या दोरीवरचे कपडे तिने भराभर ओढून टोपलीत कोंबले, आणि चर्चमधून परतणाऱ्या अख्ख्या गावाने ते पाहिलं. सत्त्याहत्तर वर्षांत जिने रविवारी सुईदोरा हातात धरला नाही, ती पेगी मॅक्स्वीन भर रविवारी धुणं काढत होती, तेही दुसऱ्याचं! चर्चची वडीलधारी मंडळी तिला समज देऊन गेली. रेचल तणतणत कपडे मागायला आली, पण म्हातारीला रडताना पाहून चहा टाकून तिच्याजवळच बसली.

पंधरा दिवसांनी आयलाने कोर्टाची नोटीस तोर्मोदपुढे ठेवली. अधिकार नसताना मंत्र्याने हुकूम काढला, अशी तक्रार होती. तक्रारदार दोन. एक रेचल. दुसरी पेगी मॅक्स्वीन, जिचा रविवार त्या कागदापायी बाटला होता.

तोर्मोदला मनापासून वाईट वाटलं. त्याने फोन लावला.

"आई, माझ्याविरुद्ध कोर्टात गेलीस?"

"तुझ्याविरुद्ध कशाला रे बाळा? मंत्र्याविरुद्ध," आई शांतपणे म्हणाली. "तू रविवारी जेवायला ये. मटणाचं सूप शनिवारीच करून ठेवते, रेचलही आहे. आणि येण्याआधी त्या वकीलबाईंना विचार, गावात माझी शोभा झाली त्याची वेगळी भरपाई मागता येते का."