कुंपणावरचा कोट

"वीब्के, माझा करडा कोट कुठाय?"

"कुंपणावर," बायको शांतपणे म्हणाली. "काल संध्याकाळी लावून आले. अकरा वर्षं वापरलास की! कॉलर बघवत नव्हती."

फोल्कमार बेरेन्स मटकन खुर्चीत बसला. ब्रेमेनच्या स्टेशनामागे तारेचं एक कुंपण होतं. लोक त्याला पिशव्या, कोट, मोजे अडकवून जात आणि ज्याला गरज असेल तो घेऊन जाई. मदत-कचेरीत कारकून असलेल्या फोल्कमारचा या कुंपणावर भारी राग होता. "तुम्ही एकेक पिशवी अडकवता आणि तिकडे सरकार कूस बदलून पुन्हा झोपतं," असं तो बायकोला दर आठवड्याला ऐकवायचा. वीब्के म्हणायची, "सरकार उठेपर्यंत लोकांनी गारठून मरायचं का?" यावर तो आणखी मोठ्यानं बोलायचा.

"अगं, त्याच्या खिशात एलर्सबाईंचा अर्ज होता!"

एलर्सबाईंचं घर डिसेंबरात जळलं होतं. हिवाळी कोटासाठी सरकारी मदत मिळावी, एवढाच त्यांचा अर्ज. त्यातला एक रकाना कोरा राहिला होता. तेवढ्यावरून तो परत जाऊ नये म्हणून फोल्कमारने नियम मोडून कागद घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रकाना भरला होता. आज शुक्रवार, दुपारी बाराला मुदत संपणार. मग पुन्हा पहिल्यापासून पाच आठवडे, आणि बाहेर उणे सात.

तो स्वेटरवरच कुंपणाकडे धावला. कोट नव्हता. पिशव्यांमध्ये हात घालून तो खिसे शोधू लागला, तशी सूप वाटणारी एक बाई प्रेमाने म्हणाली, "पहिलीच वेळ ना? लाजू नका हो. सावकाश निवडा."

कान लाल करून तो कचेरीत पोचला. घड्याळाकडे बघत जीव टांगणीला लागलेला असतानाच, साडेअकराला खुद्द एलर्सबाई आत आल्या. अंगात त्याचाच करडा कोट! बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"साहेब, कमाल केलीत!" त्यांचे डोळे भरून आले होते. "जन्मात कधी त्या कुंपणाला हात लावला नव्हता. काल थंडीनं हरले आणि लावला. तर खिशात माझाच अर्ज! म्हटलं, मी उगाच सरकारला शिव्या घालते. कोटही पोचवला आणि कागदही!"

फोल्कमारला खरं सांगायचा धीर झाला नाही. त्याने झटकन शिक्का मारला आणि त्यांना घेऊन सहीसाठी हार्म्ससाहेबांच्या खोलीत गेला.

हार्म्ससाहेबांनी चष्म्यावरून आधी कागद पाहिला, मग बाईंना पाहिलं.

"अर्ज कशासाठी आहे?"

"हिवाळी कोटासाठी, साहेब."

"आणि बाईंच्या अंगात काय आहे?"

"तो माझा कोट आहे, साहेब," फोल्कमार म्हणाला.

"कुणाचा का असेना, कोट आहे ना? मग गरज भागली." साहेब मनापासून खूश झाले. "आपल्या शहरातली माणसं किती उदार आहेत बघा, बेरेन्स!"

एलर्सबाईंनी कोट काढला आणि खुर्चीवर ठेवला. "हा घ्या परत. आता आहे का गरज?"

"आता तर मुळीच नाही," साहेब हळहळले. "हातातली वस्तू जो आपणहून देऊन टाकतो, त्याची अडचण स्वतः ओढवलेली धरतात. नियम आहे."

बाराला पाच कमी असताना त्यांनी 'नामंजूर' लिहिलं. मुदतीच्या आत काम झालं होतं.

"भीक नको म्हणून तर अर्ज केला होता मी," एलर्सबाई म्हणाल्या. "हे म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर झालं."

पातळ जाकिटाच्या गुंड्या लावत त्या निघून गेल्या. फोल्कमार त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिला. सव्वीस वर्षं तो या टेबलावरून हक्क वाटत आला होता, निदान त्याची तशी समजूत होती. आज त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो कोट हातावर घेऊनच घरी निघाला. अंगात घालणं त्याला जमेना. कुंपणापाशी ट्रामच्या थांब्यावर एलर्सबाई कुडकुडत उभ्या होत्या.

"बाई, घ्या हा. कृपा करा."

"तुमच्या हातून नाही घेणार. तुम्ही म्हणजे कचेरी. तिकडे अडकवा."

त्याने कोट तारेला अडकवला आणि पाठ फिरवली. मागे कोट अंगात चढवल्याची सरसर ऐकू आली. जोरात वारा सुटला आणि स्वेटरमधला फोल्कमार दात वाजवत उभा राहिला. मनाशी तो बाईंच्या पुढच्या अर्जाची जुळवाजुळव करत होता, पण कुठल्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या डोक्यावर काहीतरी उबदार आलं. वीब्केनं विणलेली लाल टोपी होती ती. दोन वर्षांपूर्वी त्याने घालायला नकार दिला होता, तीच. तीही वीब्केनं याच कुंपणावर आणून अडकवली असणार.

एलर्सबाईंनी ती कानांवरून नीट खाली ओढली.

"घ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "याला अर्ज लागत नाही."