हैबतरावांच्या दोन खोल्या आणि रिकामणीचा दिवस

श्रीगजवदनास नमन, मग उंबरठ्यास नमन, मग कडी, कोयंडा आणि कुलूप या तिघांस दंडवत, ज्यांचे कृपेने माणूस आतला की बाहेरचा ते ठरते. ऐसे करोन लिहावयास बसलो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमी, ते दिवशी हैबतराव शेलार यांस एकंदर काय प्राप्त होणार होते ते आधी मोजून ठेवितो, म्हणजे वाचणारास शेवटी ताळा करणे सोपे जाईल. दोन खोल्या व मोरी यांचे भाडे दरमहा साडेतीन हजार. नव्या करारात त्यावर दोनशेंची चढ. अनामत दहा हजार आधीच लोखंडी कपाटात. आणि सर्वांहून थोर लाभ हा की, आपले घर आपलेच राहिले ऐसा भरवसा. या भरवशाचे वजन हैबतराव फार धरीत. आणि वजनातले त्यांस कळत होते, कारण की साखर कारखान्याचे काट्यावर तेहतीस वर्षे उसाच्या गाड्या तोलून ते निवृत्त जाहले होते, आणि येणारी प्रत्येक गाडी खोटीच आहे ऐसे धरोन तोलावी हा त्यांचा शिरस्ता होता.

आता त्या मुलुखाची रीत सांगतो. त्या मुलुखात पूर्वी कुळकायदा आला, आणि ज्याने जमीन कसली त्याची ती जाहली, आणि हैबतरावांचे तीर्थरूप आबा यांची नऊ एकर काळी, विहिरीसुद्धा, कुळाचे नावे चढली. न्याय जाहला की अन्याय जाहला हे लिहिणे आमचे काम नव्हे. परंतु ते दिवशी तीर्थरूप जेवले नाहीत, हे हैबतरावांनी सातवे वर्षी डोळ्यांनी पाहिले आणि ते पुढे साठ वर्षे विसरले नाहीत. ऐसे तीर्थरूप त्या मुलुखात घरोघर जाहले होते. म्हणोन तेथील घरमालकांनी आपसांत एक तोड काढिली की, भाडेकरूस अकरा महिने ठेवावे, आणि अकरावा महिना सरता एक दिवस सूर्योदयापासोन सूर्यास्तापर्यंत त्याने आपला सर्व संसार बाहेर रस्त्यावर काढावा, आणि मालकाने रिकामे घरास कुलूप घालोन किल्ली कनवटीस लावावी, आणि दिवस मावळता कुलूप काढोन त्यास पुन्हा आत घ्यावे, म्हणजे ताब्यात खंड पडतो आणि हक्क लागत नाही. यास रिकामणी म्हणत. ही रीत कोणी सांगितली, कोणत्या पुस्तकात आहे, हे कोणी पुसले नाही. शेजारी करीत होता, म्हणोन शेजारी करीत होता.

हैबतरावांचे भाडेकरू म्हणजे सुमित्राबाई वाकोडे, वऱ्हाडाकडील, आरोग्यकेंद्रातील सिस्टर, वय चाळीसाचे आत-बाहेर, आणि त्यांचे वडील अण्णा, निवृत्त पोस्टमन. भाडे पाच तारखेचे आत. पाण्याचा अपव्यय नाही, मोठ्याने बोलणे नाही, भिंतीस खिळा नाही; देवाचा फोटोदेखील टेबलावर ठेविला होता. आणि हैबतरावांचे कुटुंब ठकूबाई यांस साखरेचा विकार होता आणि डोळ्यांनी कमी दिसे, म्हणोन सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सिस्टरनीच टोचावी ऐसे पहिले महिन्यापासोन पडले. त्याचा मोबदला सिस्टरनी मागितला नाही आणि हैबतरावांनी काढिला नाही. काट्यावर जे चढत नाही त्याचे वजन धरावयाची त्यांस सवय नव्हती.

पाच वेळा रिकामणी जाहली, आणि पाचही वेळा हसत जाहली. कपाट, शेगडी, सिलिंडर, डबे, शिवणयंत्र कडुनिंबाखाली मांडले जाई, आणि अण्णा खुर्ची टाकोन वर्तमानपत्र वाचीत आणि येणाजाणारास म्हणत, "या बाप्पा, या! आज आमचा दरबार रस्त्यावर हाय. चहा घ्याले मात्र हैबतरावाच्या घरी जा." आणि ठकूबाई दुपारी ताट वाढोन आणीत, आणि सायंकाळी कुलूप निघाले की दारात सिस्टरांस हळदीकुंकू लावीत, जणू नवी सून घरात घेतली. लोकांस वाटे, रीत आहे आणि माणुसकीही आहे, दोन्ही नांदतात.

मग सहावी रिकामणी आली. ते सालचे चैत्रात अण्णा मोरीत पाय घसरोन पडले आणि खुब्याचे हाड मोडले, आणि जिल्ह्याचे ठिकाणी नेऊन आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी ताकीद दिली की सहा आठवडे खाटेवरोन हलवू नये. त्यातले चार सरले होते. सिस्टर ओसरीवर येऊन म्हणाल्या, "काका, या खेपेला रिकामणी पंधरा दिवस पुढं ढकला. कागद आजच करा, भाडं वाढवायचं ते वाढवा. फक्त अण्णांना हलवायला नको."

हैबतराव म्हणाले, "इचारून सांगतो."

विचारावयाचे स्थान एकच होते. तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल टाकोन नरहरपंत दस्तलेखक बसत. मुलुखातले सारे भाडेकरार त्यांचेच अक्षरात होते, आणि दर करारामागे त्यांस पाचशे होते. पंतांनी चष्मा पुसला आणि मसलत दिली की, "हैबतराव, अकराचे बारा झाले की खेळ संपला. खालच्या आळीतल्या काशिदांचं काय झालं?"

"काय झालं?"

"भाडेकरू बसलाय अजून. त्याचीही आई आजारीच होती."

हैबतराव म्हणाले, "पर बाई सरळ हाय वो."

पंत म्हणाले, "सरळ माणसाचंच भ्या. वाकड्यावर आपण नजर तरी ठेवतो." आणि हैबतरावांनी जाता जाता पुसले की, करार सरकारात नोंदवला तर कसे? त्यास पंत हसोन बोलले, "हजार-दीड हजार कशाला घालवता? आपली रिकामणी आहे ना?" हे वाक्य वाचणारांनी ध्यानी ठेवावे. पुढे याचे काम पडेल.

घरी ठकूबाईंनी हरप्रकारे सांगोन पाहिले. "अवो, म्हाताऱ्याच्या हाडात लोखंड हाय. एक डाव ऱ्हाऊ द्या."

"आबाबी आसंच म्हनले हुते. एक डाव ऱ्हाऊ द्या. नऊ एकर गेली."

"ती जमीन हुती. ही बाई रोज माझ्या पोटाला सुई लावती."

"आगं, एका दिसाचा परश्न हाय. म्या सोता सावली धरतो म्हाताऱ्यावर."

आणि खरेच, हैबतराव दुष्ट नव्हते. ते लिहिणे भाग आहे. पंचमीस सूर्य उगवला, आणि चार आसामी लावोन अण्णांस खाटेसकट बाहेर काढिले, आणि उंबऱ्यावर खाट तिरपी करावी लागली, तेव्हा अण्णांनी दात आवळले आणि म्हणाले, "सांभाळून रे पोट्टेहो, आतमधी सरकारी सळई हाय!" आणि चौघे हसले, आणि हैबतरावही हसले, आणि मनात म्हणाले की निभावले. आणि घरास कुलूप घातले.

मग ऊन चढले. वैशाखातला दिवस, आणि कडुनिंबाची सावली काही एका ठिकाणी ठरेना. ती सरकली की खाट सरकवावी लागे. पहिले वेळी अण्णा विनोद बोलले, दुसरे वेळी नुसते हुंकारले, तिसरे वेळी त्यांनी लेकीचा पदर मुठीत धरिला आणि सोडिला नाही. हैबतराव काळी छत्री धरोन तास न् तास उभे होते, घामाने सदरा भिजला होता, आणि किल्ली कनवटीस होती. दार दहा हातांवर होते. आत पंखा होता. हे सर्वांस दिसत होते आणि हैबतरावांस सर्वांहून स्पष्ट दिसत होते. परंतु कनवटीकडे हात जाई आणि आबा दिसत, आणि हात परत छत्रीस येई. तिसरे वेळेनंतर सिस्टरनी मोबाईल काढिला आणि बाजूस जाऊन दोन शब्द बोलल्या, आणि कोणाशी ते कोणी पुसले नाही.

सूर्य मावळला. हैबतरावांनी लगबगीने कुलूप काढिले, दार सताड उघडिले, पंखा लाविला, आणि ठकूबाई करंडा घेवोन दारात उभ्या राहिल्या, आणि हैबतराव म्हणाले, "चला सिस्टर, झालं बघा. धरा रं खाट!"

सिस्टर उठल्या, ओसरीवर गेल्या, ठकूबाईंस हात धरोन बसविले आणि संध्याकाळची सुई टोचली. मग कापूस टाकोन म्हणाल्या, "काकू, उद्यापासून काकांना टोचायला शिकवा. पोटावर, जागा बदलून." आणि पर्समधोन आपली किल्ली काढोन हैबतरावांचे हातावर ठेविली.

"ही वो कशाला?"

"तुम्ही घर रिकामं मागितलं काका. रिकामं केलं."

"आवो, ती रीत हाय! नुसती रीत!"

त्यास खाटेवरोन अण्णा बोलले, आणि या वेळी विनोद नव्हता. "मले दोनदा उंबरठा ओलांडवत नाही, हैबतराव. एकदा झाला, पुरे झाला."

इतक्यात टेम्पो आला. आरोग्यकेंद्राचे आवारात, आठ मैलांवर, एक गळके सरकारी क्वार्टर पडोन होते, ते सिस्टरनी मागोन घेतले होते. सामान तर बाहेर मांडलेलेच होते, म्हणोन भरावयास अर्धा तासही लागला नाही. येणेप्रमाणे रिकामणीची रीत त्या दिवशी प्रथमच पूर्णपणे सिद्धीस गेली. ठकूबाई करंडा घेवोन पुन्हा दारात आल्या, त्या तेथेच राहिल्या.

पुढे पाच महिने खोल्यांस भाडेकरू नाही. मग जयसिंग मुकादम, पाइपलाइनचे कामावरील, गोड बोलणारा, आला आणि अनामत दुप्पट देतो म्हणाला. करार पंतांनी केला, पाचशे घेतले, आणि नोंदणीचा खर्च पुन्हा वाचविला. अकरा महिने मुकादमाने भाडे चोख दिले, आणि रिकामणीचे सकाळी हैबतराव कुलूप घेवोन गेले, तो मुकादम दात घासत उभा. म्हणाला, "कसली रिकामणी? कोणत्या कायद्यात लिहिलंय, दाखवा काका." आणि आत गेला आणि कडी लाविली. आणि भाडेही बंद केले.

मग दावा जाहला आणि चौदा महिने चालला. शेवटी अधिकारी साहेबांनी हैबतरावांस पुसले, "हा रिकामा दिवस कुठून काढलात?"

हैबतराव म्हणाले, "सायेब, खंड पडावा म्हनून. आमच्याकडं समदीच करत्यात."

त्यावर दोन्हीकडील वकील हसले; साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, कायदा कागद बघतो, सामान कुठं ठेवलं ते बघत नाही. करार नोंदवला असतात तर कधीच सुटला असतात. सामान रस्त्यावर काढून काहीच होत नाही. कधीच होत नव्हतं."

हैबतराव बाहेर बाकावर बसले. चौदा महिन्यांचे भाडे गेले त्याचे त्यांस इतके नव्हते. सहाही रिकामण्या ते बोटांवर मोजीत होते, आणि सहावीपाशी बोट अडकत होते.

खोल्या सुटल्या तेव्हा ते बसने आरोग्यकेंद्रावर गेले. अण्णा काठी घेवोन चालत होते, परंतु पाय ओढीत होते. हैबतराव म्हणाले, "सिस्टर, परत या. नोंदवून करार करतो, पाच वरसांचा. म्हनाल तर भाडंबी नको."

सिस्टर म्हणाल्या, "घर चांगलं होतं काका. मोरीत उजेड होता." आणि इतकेच बोलोन त्या आत ड्रेसिंगचे सामान आणावयास गेल्या, कारण की हैबतरावांसोबत ठकूबाईही आल्या होत्या, आणि बाकावर पाय वर घेवोन बसल्या होत्या.

आता ताळा. नरहरपंत दस्तलेखक यांस सात करारांचे साडेतीन हजार मिळाले, आणि ते अद्याप चिंचेखाली आहेत. जयसिंग मुकादम चौदा महिने फुकट राहिला. दोन्ही वकिलांस मिळोन एक्केचाळीस हजार पोचले. हैबतरावांचे घर हैबतरावांपाशीच राहिले, कुलूपबंद, आणि त्याचा भरवसा पूर्ण आहे. अण्णांचा पाय दीड बोट आखूड जाहला. पडल्याने की हलविल्याने, हे कोणी सांगत नाही. आणि हैबतरावांचे हात कापत, म्हणोन कधी सुई चुकली, कधी राहिली, आणि अडीच वर्षांत ठकूबाईंचे उजवे पायाचा अंगठा व त्याशेजारील दोन बोटे गेली. सातही करार आम्ही पुन्हा काढोन पाहिले. ठकूबाईंची सही त्यांत कोठेच नाही.