नऊ बँडांचा नवरदेव

दिवाळे गावचा कुंदन कोळी रॉक ड्रमर होता आणि एकाच वेळी नऊ बँडांत वाजवत होता. नवी मुंबईत गिटारवाले पैशाला पासरी मिळतात, ड्रमर मिळत नाही. गिटारवाले भांडून बँड मोडत, कुंदन ड्रम उचलून पुढच्या बँडात जाई. यालाच तो करिअर म्हणे.

मासळी विकणाऱ्या त्याच्या आईने, गोजराने, त्याला वाजवताना कधी पाहिले नव्हते. "मरायचे आधी येकदा तरी बघूं दे रं," ती म्हणे. म्हणून त्याने खाडीकाठच्या मैदानावर नऊ बँडांचा कार्यक्रम ठरवला आणि परवानगीचा अर्ज केला.

महापालिकेच्या परवाना कक्षातल्या जयप्रकाशसाहेबांनी अर्ज वाचला. "बँड. म्हणजे वरात. नवरदेवाचं नाव?"

"साहेब, रॉक बँड आहे."

"रॉक हे आडनाव झालं. नाव सांगा."

कुंदन हसला. साहेब हसले नाहीत. नियमावलीत 'बँड' हा शब्द एकाच जागी होता: वरात, कलम चार. नवरदेवाशिवाय वरात नाही, वरातीशिवाय बँड नाही. नाइलाजाने कुंदनने स्वतःचे नाव लिहिले.

"नऊ बँड म्हणजे नऊ वराती. एका माणसाची नऊ लग्नं? आत जाशील!" साहेब दचकले. मग माणुसकी दाखवून त्यांनी नऊ बँडांची एकच वरात केली. "घोडा मात्र लागेल."

"बसतो घोड्यावर. तिथूनच वाजवतो."

"कशाने?"

"काठ्यांनी."

साहेबांनी कलम सहावर बोट ठेवले: घोड्यावरील इसमाच्या हाती काठी नसावी.

आईला शब्द दिला होता. रविवारी कुंदन मुंडावळ्या बांधून, हात जोडून घोड्यावर बसला. मंचावर ड्रम रिकामे. अठरा गिटारवाले अठरा तालांत सुटले. मैदान नाचू लागले, मोबाइल वर झाले.

गोजरा घोड्याजवळ आली. "पोरा, तू कवा वाजवनार?"

"आये, परवानगी नाय."

"मंग ही मानसा नाचतान कशावर?"

साहेबांनी 'कार्यक्रम नियमानुसार' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी मैदानाचा व्हिडिओ घरोघर फिरला. त्याखाली चारशे जणांनी लिहिले आहे, 'ड्रमर एक नंबर!'

त्यात तुमचेही नाव दिसले.