दौलतअण्णांच्या वाटचा प्रसाद

दौलतअण्णांनी त्या रविवारी माझी चूक उचलून स्वतःच्या अंगावर घेतली. हे आधी सांगून टाकतो, कारण चूक काय होती ते सांगायला लागलो की माझे कान तापतात आणि ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस मागंच राहतो.

तर दौलतअण्णा. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, अण्णा तेलाची बाटली ठेवतात. शिवणयंत्राच्या तेलाची, लांब चोचीची. कुठंही दार, खुर्ची, पंखा कुरकुरला की त्यांचं बोलणं अर्ध्यात तुटतं. "स्वल्प थांब तम्मा," म्हणतात आणि उठतात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी. एकदा बोम्मसंद्र्यात एका लग्नाला गेलो होतो. स्टेजवरचा तो राजाराणीचा सोफा नवरी जरा हलली की किंचाळायचा. आहेराच्या रांगेत अण्णांची पाळी आली. अण्णांनी पाकीट दिलं आणि सरळ गुडघ्यांवर बसले. नवऱ्याला वाटलं, म्हातारा पाया पडतोय. तो बिचारा "अहो नको, नको" करत उठला. "उठलास ते बरं केलंस," अण्णा सोफ्याखालून म्हणाले, "आता पाय घट्ट बसतो." फोटोत नवरीच्या शेजारी अण्णांचे फक्त तळवे आलेत.

अण्णा आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. त्यांचे पूर्वज म्हणे कुठल्याशा फौजेबरोबर इकडं कन्नड मुलखात आले आणि इथंच राहिले. बोलतात मराठी, पण "ऊटा झाला का?" असं विचारतात, आणि झाला नसेल तर उत्तराची वाट न बघता आपला डबा पुढं सरकवतात.

मी निपाणीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. स्टोअरमधल्या खोक्यांवर सगळं इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात मी दोन मापांचे बोल्ट एका खोक्यात ओतले. साहेब सगळ्यांसमोर ओरडले. आता गावाकडं परत, असं धरूनच मी चाललो होतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर अण्णांनी प्रत्येक खोक्यावर खडूनं चित्र काढलेलं. बोल्टच्या मापाप्रमाणं आवळा, लिंबू, पेरू, नारळ. "आता वाच," म्हणाले. पुढं एक नवा इंजिनियर आला. "तम्मा, वीस लिंबं आणि चार नारळ काढ," हे ऐकून त्यानं विचारलं, आज मशिनची पूजा आहे का? "रोजच असते सर," अण्णा म्हणाले.

महिन्याचा पहिला रविवार मात्र अण्णा कुणालाच देत नसत. कारखान्यात कितीही घाई असो. "सरी, पण पहिला रविवार नाही." सरी म्हणजे ठीक आहे. कुठं जातात हे विचारायची माझी छाती नव्हती. मग त्यांचा गुडघा सुजला, आणि एका शनिवारी तेच म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर ये. शिडीवर चढायचंय. पाय तुझे, तेल माझं."

होसूरला बस बदलून आम्ही पुढच्या एका लहानशा गावात उतरलो. चिंचेच्या झाडांमागं चर्च. मी मनात मनोरे आणि रंगीत काचा धरल्या होत्या. हे आमच्या गावच्या तालमीएवढं. मंगळुरी कौलं, आत दोन्ही बाजूंना पाच-पाच बाकं, दाराशी चपलांचा ढीग.

"ल्युथरन," अण्णा म्हणाले. "फार जुनं. जर्मनीचा पाद्री बैलगाडीतून आलेला, त्यानं बांधलं."

"म्हणजे ख्रिश्चनांतले कुठले?"

"मला नको विचारू. ग्रेस सांगायची, मी मान हलवायचो."

ग्रेस म्हणजे त्यांची बायको, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी हातातल्या बाटलीची चोच चर्चच्या मागं वळवली. तिकडं एक बुटकं फाटक आणि पलीकडं क्रॉस. "तिसऱ्या रांगेत," म्हणाले. ती याच गावची. दोन्ही घरांचा विरोध असताना दोघांनी लग्न केलं. तिचे भाऊ सॅम्युएल मास्तर या चर्चचा कारभार बघतात. त्यांनी तेव्हापासून अण्णांशी बोलणं टाकलं. ती गेल्यावर पाद्रीसाहेबांनी मध्ये पडून एवढं जमवलं होतं, की महिन्यातून एकदा अण्णांनी यावं, दारंखिडक्या बघाव्यात, शेवटच्या बाकावर बसावं आणि मागं तिच्यापाशी जाऊन यावं.

"एवढं पुरे मला," अण्णा म्हणाले. "तू फक्त गप्प बस. मी उठलो की ऊठ, मी बसलो की बस."

मोठ्या दाराच्या वरच्या बिजागरीला तेल घालायला मी शिडीवर चढलो. खाली मास्तर येऊन उभे राहिले. पांढरी पँट, काखेत जाड पुस्तक. अण्णा त्यांच्यापासून दोन हातांवर.

"त्यांना सांगा, शिडीनं भिंतीचा चुना जातो," मास्तर मला कन्नडात म्हणाले.

"त्यांना सांग, शिडीला फडकं बांधलंय," अण्णा मला म्हणाले.

"त्यांना सांगा, मागच्या वेळी नव्हतं."

"त्यांना सांग, म्हणूनच या वेळी आहे."

मी वर लटकून दोघांचे निरोप पोचवत होतो, आणि दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं.

मग प्रार्थना सुरू झाली. सगळी तमिळमध्ये. मी अण्णांकडं बघून उठत होतो, बसत होतो. शेवटी लोक एकेक करून पुढं जायला लागले. लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकायचे, पाद्रीसाहेब हातावर काहीतरी पांढरं ठेवायचे, लोक तोंडात टाकायचे. अण्णा मात्र समोरच्या बाकाच्या पाठीला कपाळ टेकून, डोळे मिटून बसलेले. गुडघा दुखत असणार, असं मला वाटलं.

आमच्याकडं प्रसाद वाटत असताना जागचं हलायचं नाही म्हणजे देवाचा अपमान. आणि ज्याला उठवत नाही त्याच्या वाटचा प्रसाद बरोबरच्यानं आणायचा, ही आईची शिकवण. मी उठलो. अण्णांना हाक मारावी, एवढंही सुचलं नाही.

कठड्याशी गुडघे टेकले. तीर्थाला करतात तशी ओंजळ केली. पातळ पांढरी चकती हातावर आली, ती खाल्ली. आणि पुन्हा हात पुढं केला.

"इन्नोंदु कोडि स्वामी," मी म्हणालो. आणखी एक द्या. "अण्णांसाठी. बांधून नेतो." आणि खिशातून रुमाल काढून पसरला.

पाद्रीसाहेबांचा हात हवेतच थांबला. बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या चर्चचे?"

"मी दौलतअण्णांबरोबर आलोय," मी म्हणालो. भरवशाचं नाव म्हणून सांगितलं मी ते. मान वळवून दाखवलंसुद्धा, ते बघा, शेवटच्या बाकावर.

मास्तर उठलेच. प्रार्थना संपेपर्यंत दम धरला, पण संपल्याबरोबर बाहेर चिंचेखाली त्यांनी अण्णांना गाठलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते त्यांच्याशी सरळ बोलले, तेही माझ्यामुळं, आणि बोलले ते हे. "आमच्या देवाच्या ताटाची थट्टा करायला माणूस आणलात? बाप्तिस्मा नाही, काही नाही, रुमाल पसरतो!"

मी तोंड उघडणार, तोच अण्णांचा हात माझ्या छातीवर आला. "त्याला काय ठाऊक," ते म्हणाले. "मीच पाठवला. मला हवं होतं म्हणून."

मास्तरांचा चेहरा आणखी कठीण झाला. "मग आता यायचं नाही. दाराला तेल आम्ही घालू."

"मागं जाऊन येऊ?" अण्णांनी विचारलं.

मास्तर त्या बुटक्या फाटकापुढं जाऊन उभे राहिले. पाद्रीसाहेब दारात मान खाली घालून उभे होते. अण्णांनी फाटकावरून पलीकडं एकदा नजर टाकली.

"सरी," म्हणाले.

बसमध्ये मी तो रुमाल घडी घालत आणि पुन्हा उलगडत होतो. होसूर आलं तेव्हा तेच बोलले.

"चव कशी असते रे त्याची?"

मी सांगायच्या आत तेच पुढं बोलायला लागले.

"ग्रेस रांगेतून परत यायची तेव्हा मी बाहेर उभा असायचो. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. कसं लागतं म्हणून विचारलं की म्हणायची, एकदा आत ये आणि बघ. मी म्हणायचो, येईन की, काय घाई आहे."

"काही चव नसते अण्णा," मी म्हणालो. "कागदासारखं. तोंडात विरघळून जातं."

"एवढंच?" त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. "मला वाटायचं, गोड असेल."

त्यानंतर दोन पहिले रविवार गेले. अण्णा आता पहिल्या रविवारीही स्टोअरमध्ये येऊन बसतात. साहेब खूश आहेत. मी रोज कन्नडात वाक्य जुळवतो: मास्तर, त्यांनी पाठवलं नव्हतं, मी आपणहून उठलो. वाक्य कधीच पाठ झालंय, छाती होत नाही. पण अण्णा, मी जाणार. त्या फाटकाशी उभा राहून मास्तरांना खरं काय ते सांगणार, आणि तुमचा पहिला रविवार कधी ना कधी तुम्हाला परत आणून देणार.