मूळचा दोष

तमाम वाशीमकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बाळाभाऊ अर्जनविसांच्या मोटारीत वापरामुळे आजवर एकही बिघाड झालेला नाही. जे झाले ते सगळे मूळचे!

बाळाभाऊ माझे शेजारी. कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांनी अकोल्याच्या एका शेठकडून जुनी मोटार सालाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने घेतली, सालदार ठेवावा तशी. करारात कलम होते: मूळचा दोष निघाला तर शेठ दुरुस्त करील; वापराने मोडतोड झाली तर गाडी परत. निवाडा करायचा शेठच्या माणसाने, करीम मिस्त्रींनी.

मालेगावच्या रस्त्यावर एका म्हशीने मडगार्ड चेपले. बाळाभाऊंनी अर्ज ठोकला: 'सदर मडगार्डात खड्डा पडण्याची प्रवृत्ती मूळचीच होती, म्हैस केवळ निमित्त.'

मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊ, शिंगाचा निशान दिसून राह्यला ना!"

"दिसते त्याले काय करता? म्हशीचं लेखी आना."

मिस्त्री हसले आणि त्यांनी 'मूळचा' लिहून दिले.

आम्हाला वाटे, गडी मिरवायला मोटार ठेवतो. पण कचेरीत हे छत्री घेऊन पायी! गाडी निघे ती फक्त संध्याकाळी. मागे आक्का, त्यांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन घरी परतलेली, आता पन्नाशीपुढची. देवळापलीकडे तिने गाव पाहिले नव्हते. बाळाभाऊ तिला स्टेशनाच्या कुंपणाशी नेत. आगगाडी येई, जाई. आक्का मोटारीतूनच बघे. मग दोघे परत.

"रोज कायले नेता हो?" मी एकदा विचारले.

"इंजिन गरम ठेवा लागते," ते घाईघाईने म्हणाले. "कलम आहे तसं."

असले कलम नव्हते. करार मी वाचला होता.

साल संपत आले. मिस्त्री शेवटची तपासणी करायला आले. मागच्या दाराची काच खाली-वर करायचे हँडल त्यांच्या हातातच आले. आतले दाते पार झिजलेले.

"भाऊ, हे तं फिरवून फिरवून घासलं. रोजचा वापर आहे. आता काय लिहू?"

बाळाभाऊंनी तोंड उघडले. "सदर हँडल..." साऱ्या तालुक्याची गाऱ्हाणी लिहिणारा माणूस ते निखळलेले हँडल हातात घेऊन नुसता उभा राहिला. गाडी गेली तर काय जाणार, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले.

मिस्त्रींनी पुढे 'मूळचा दोष' असेच लिहिले आणि गाडी आणखी एक साल राहिली. पण त्याआधी जे घडले ते सांगायलाच हवे. वीस वर्षांच्या शेजारात परपुरुषासमोर जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती आक्का दाराआडून तरातरा अंगणात आली आणि ओरडली,

"खोटं नका लिहू, मिस्त्री! मीच मोडलं ते. मले काचेतून नव्हतं पाहाचं!"