शमुवेल सरांचं क्रियापद

आमच्या दाराबाहेरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची बेवारस समजून मी गॅलरीत नेली आणि तिच्यावर पेपर वाचत बसलो. भूगावातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडल्यापासून वरच्या शमुवेल सरांनी मजल्यामजल्यावर एकेक खुर्ची ठेवली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसं सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा डुलकी घेत होतो.

सर चर्चच्या पाळकांना बायबलमधलं ग्रीक शिकवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पण एका क्रियापदातून काही सुटले नाहीत. ‘अनापावो’. जिन्यात कुणी धापा टाकताना दिसलं, की पकडलंच.

"बसा! अनापावो! झोपणं नव्हे हं. काम थांबवून अंगात पुन्हा बळ येऊ देणं. ग्रीक लोक शेत पडीक ठेवायचे, त्यालाही हेच म्हणायचे. आणि येशू थकल्याभागल्यांना बोलावतो ना, तिथे तो हेच देऊ करतो. विसावा!"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या हिराबाई माझ्या बायकोकडे वैतागायच्या. "सर लई चांगलं हायेत, पर दर मजल्याला बसवत्यात. मी घरला कवा जाऊ?"

स्वतः सर मात्र कधी बसायचे नाहीत. चहासुद्धा उभ्याने. "माझं अजून विसावा देण्याचं चाललंय," म्हणायचे.

मी खुर्ची आत नेली त्याच दुपारी सरांच्या पत्नी रूथकाकूंना हृदयाचं ऑपरेशन करून घरी आणलं. जायचं चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंदच. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर मजल्यावर बसूनच चढायचं. उचलून न्यायला चौघं तयार होते, पण काकू म्हणाल्या, "चौघांनी न्यायला अजून अवकाश आहे."

मला गॅलरीत जिन्यातून सरांचा आवाज आला. "इथेच होती. रूथ, इथेच ठेवली होती मी."

मी ताडकन उठलो. खुर्ची उचलली, तर तिचा पाय पडद्यात अडकला.

"अहो, पडदा फाटू दे!" बायको दारातून ओरडली. "त्या पडतायत!"

काकू भिंतीला टेकल्या होत्या. ओठ पांढरे, कपाळावर घाम. सर दोन्ही हातांनी त्यांना धरून पुटपुटत होते, "श्वास घे. हळू. आणखी एक." मी पडद्याच्या चिंधीसकट खुर्ची त्यांच्याखाली सरकवली. काकू बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या ओठांवर रंग आला.

मी माफी मागितली. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत येशूचा जीव कासावीस होत होता आणि शिष्य झोपले होते. ‘अजून विसावा घेताय?’ म्हणाला तो. तिथेही हेच क्रियापद आहे."



"पुरे हो," काकू म्हणाल्या. "धाप मला लागलीय आणि शिकवणी यांना कसली देताय?"

काकू वर पोचल्या, झोपल्या. थोड्या वेळाने सर एकटेच खाली आले. चिंधी सोडवून मला दिली, खुर्ची भिंतीशी नीट लावली. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आणि बसले.

"तिच्यासमोर बसलो असतो," ते हळूच म्हणाले, "तर माझेही पाय कापतायत हे कळलं असतं तिला."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मान भिंतीला टेकली.

मी आत येऊन बायकोला विचारलं, "चहाला बोलावू का गं?"

ती दाराच्या फटीतून बघत होती. म्हणाली, "हाक मारू नका. हाक मारली, की उठतील."